चाकूरचा अमेरिकन

माझा धाकटा भाऊ तीन वर्षं अमेरिकन होता. अमेरिका सोडाच, त्यानं तोवर मुंबईसुद्धा पाहिली नव्हती.

तो गेला त्याला आता वर्ष होत आलं. भेटायला येणारी जुनी माणसं ओसरीत बसत, चहा घेत आणि मग एखादा हळूच म्हणे, काही म्हणा, अमेरिकन मात्र झकास दिसायचा. दुःखाच्या घरी हसावं की नाही हे न कळून सगळे माझ्याकडे बघत. मी हसले की त्यांना सुटल्यासारखं वाटे. म्हणून ही हकीगत एकदा नीट लिहून काढायची ठरवली. मला लिहायला वेळ लागतो, त्याला इलाज नाही.

आमचं गाव चाकूरजवळ. वडील गावच्या तालमीचे वस्ताद. घरात त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. घरात आणि तालमीत ते सारखंच कमी बोलत. तालमीत कुस्ती खेळतात त्या हौद्याची माती नुसती माती नसते. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालतात, पाणी मारून ती खोऱ्यानं पुन्हा पुन्हा उलटी करतात, तेव्हा कुठे अंग टाकण्याइतकी मऊ राहते. भाऊ त्या मातीतच वाढला. गोरा, घाऱ्या डोळ्यांचा, मानेनं जाड. अभ्यासाची सगळी गती थोरलीनं घेतली, असं आई म्हणायची आणि त्यात तिला नक्की कुणाचं वाईट वाटतंय ते कळत नसे.

मग दुष्काळ पडला. जिल्हा तेव्हा नवा झाला होता. लातूरला कलेक्टर आले, कचेऱ्यांच्या पाट्या रंगवून झाल्या आणि पाणी गेलं. गावच्या आडात हंडा बुडेना, तिथं हौद्यावर पाणी मारायचं नाव कोण काढणार? अण्णांनी स्वतःच तालमीला कडी घातली. माती वाळून दगड झाली. जत्रा कशाबशा भरल्या, पण कुस्त्या रद्द झाल्या. मी नांदेडला मावशीकडे राहून कॉलेज करत होते. भाऊ काम शोधायला तिथे आला.

काम मिळालं ते फ्री स्टाईल कुस्त्यांच्या कंपनीत. ही कंपनी गावोगाव दोऱ्यांचा चौक उभारून परदेशी पहिलवानांच्या कुस्त्या दाखवी. कुणी कुणाला कितव्या फेरीत पाडायचं हे दुपारी जेवताना ठरे. कंपनीतला अरब देगलूरचा होता आणि चिडला की तेलुगूत बोलायचा. मालकानं भावाचे डोळे पाहिले आणि विचारलं, अमेरिकन होतोस का? भाऊ म्हणाला, व्हतो की, काय करावं लागतंय? फारसं काही करायचं नव्हतं. केसांना औषध लावून ते पिवळे करायचे, कुणाशी बोलायचं नाही आणि शेवटच्या फेरीत हरायचं. केस पिवळे व्हायच्याऐवजी नारंगी झाले. मालक म्हणाला, लांबून चालतंय.

न बोलणं मात्र भावाला जमेना. तो माझ्याकडे इंग्रजी शिव्या मागायला आला. मला येत होतं ते कवितांचं इंग्रजी. त्यात शिव्या नव्हत्या. शेवटी मी त्याला शाळेतली प्रतिज्ञा इंग्रजीतून पाठ करून दिली. दोऱ्यांना धरून, दातओठ खात तो समोरच्या पहिलवानाला सारे भारतीय आपले बांधव असल्याचं ऐकवी, आणि बिलोलीपासून उदगीरपर्यंतचे लोक संतापून उभे राहत.

तो कंपनीत गेल्याची बातमी गावात पोचली. अमेरिकन झाल्याची पोचली नाही. ती मलाच ठाऊक होती. अण्णा तालमीच्या पायरीवर सगळ्या पठ्ठ्यांसमोर बोलले, "ठरवून पडणाऱ्याला माझ्या घराचा उंबरा न्हाई." वस्ताद चारचौघांत बोलला की ते मागे घेता येत नाही. आई रडली, पण त्याला घरात घ्या असं तिनंही म्हटलं नाही.

मी गावाहून परत आले की भाऊ आडूनआडून विचारायचा, अण्णा काय म्हणले? काहीच नाही, असं सांगितलं की त्याचा विश्वास बसत नसे. कायच न्हाई? माझं नाव बी न्हाई काढलं? मग तो समोरच्या भाकरीचे तुकडे करत बसे आणि खात नसे. एवढं मोठं अंग उपाशी उठताना बघवत नसे.

अशात लातूरला दुष्काळनिधीसाठी कंपनीच्या कुस्त्या ठरल्या. नव्या जिल्ह्याला शोभेल असा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम, असं गाडीवरचा भोंगा गावोगाव सांगत फिरला. जमवणाऱ्या मंडळींना फ्री स्टाईलचं काही ठाऊक नव्हतं. त्यांना आपल्या फडातली कुस्ती ठाऊक. आपल्याकडे कुस्ती आपोआप सुरू होत नाही. कुणीतरी मानाचा माणूस मधे उभा राहून दोघांचे हात एकमेकांच्या हातात देतो. त्याला कुस्ती लावणं म्हणतात. तेव्हा त्यांनी जिल्ह्यातले वस्ताद बोलावले, त्यांना फेटे बांधले आणि एकेकाला एकेक कुस्ती लावायला दिली. अमेरिका विरुद्ध पंजाब ही कुस्ती अण्णांच्या वाट्याला आली.

मी बायकांच्या बाजूला बसले होते. अण्णा फेटा सावरत दोऱ्यांतून आत गेले, एका बाजूनं पंजाब आला, दुसऱ्या बाजूनं अमेरिका. अमेरिकेनं वस्तादाला पाहिलं मात्र, आणि वाकून पाय धरले. त्याला तसं करायचं नव्हतं हे मी शपथेवर सांगेन. पण समोर वस्ताद उभा असला की पठ्ठ्याचं अंग वाकतं. ते मालकाला विचारून वाकत नाही.

मग मैदानातून जो गजर उठला तो पंजाबच्या वाट्याला शेवटपर्यंत आला नाही. माइकवरचा माणूस सांगू लागला की साता समुद्रापलीकडच्या पाहुण्यानं मराठवाड्याच्या मातीला मान दिला. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "चांगल्या घरचं दिसतंय गं लेकरू." तिची जाऊ म्हणाली, "तिकडं बी शिकवत असतील की आयाबाया."

अण्णा त्या नारंगी डोक्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पाठीवर थाप दिली, दोघांचे हात एकमेकांत दिले आणि खाली उतरले. ठरल्याप्रमाणे अमेरिका हरली.

गावाकडच्या बसमध्ये आमच्या लोकांना अमेरिकनशिवाय दुसरा विषय नव्हता; लांबून त्याला कुणी ओळखलं नव्हतं. कुणीतरी वस्तादांचं मत विचारलं. अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "अंग तालमीतलं हाय. पण हरायला लई मेहनत घेतंय." 

घरी आल्यावर पाय धुता धुता त्यांनी मला विचारलं की तो अमेरिकन नांदेडलाच राहतो का. मी हो म्हटलं.

"त्याला म्हणावं, इकडं आलास तर जेवून जा. पाव्हण्याला कुणी न्हाई म्हणत न्हाई."

आईला काहीच माहीत नव्हतं. कोण अमेरिकन, असं तिनं विचारलं. अण्णा म्हणाले, तुला वाढायचं कळतंय न्हवं, मग झालं.

पुढच्याच आठवड्यात अमेरिकन डोक्याला टॉवेल गुंडाळून दारात उभा राहिला. आईनं एकदा पाहिलं आणि ती चुलीकडे तोंड करून बसली ती उठलीच नाही. भाकऱ्या मात्र येत राहिल्या. अण्णांनी पाहुण्याला पाट दिला, समोर बसले आणि रीतीप्रमाणे चौकशी केली.

"तुमच्याकडं पाऊसपाणी?"

"औंदा बी न्हाई," अमेरिकन म्हणाला.

"सगळीकडं एकच गत म्हणायची."

जेवण झालं, सुपारी दिली. राहा असं कुणी म्हटलं नाही. पाहुण्याला राहायचा दोनदा आग्रह करायची आमच्यात रीत आहे, अण्णांनी एकदाही केला नाही. मी त्याला फाट्यापर्यंत पोचवायला गेले. बसची वाट बघताना तो म्हणाला, "अक्का, घरात जाऊन आलो. घरी न्हाई गेलो."

असं तो अधूनमधून येत राहिला. सख्ख्या नातेवाइकांपेक्षा अमेरिकेचं येणंजाणं आमच्याकडे जास्त होतं.

पुढे पाऊस झाला. आड भरले, तालमीची कडी निघाली, जत्रांमधून पुन्हा फुकटात खऱ्या कुस्त्या दिसू लागल्या. ठरवलेल्या कुस्त्या बघायला लोक येईनात. कंपनी बसली, अरब देगलूरला परत गेला. भावानं आमच्या जत्रेत कुस्ती धरली. केस मुळाशी काळे आणि टोकाला नारंगी. समोर उदगीरकडचा एक साधा गडी होता. हा जिंकणार यात गावाला शंका नव्हती. भावालाही नव्हती. अण्णांसमोर एक खरी कुस्ती मारायची, मग ते काय म्हणतात ते बघू, असं तो मला सकाळी म्हणाला होता.

त्या गड्यानं मानेवर हात टाकला, जरासा दाब दिला, आणि भाऊ आपण होऊन मागे गेला. दोन्ही हात पसरून त्यानं पाठ मातीला लावली आणि पडून राहिला, जणू कंपनीतल्यासारखं कुणीतरी आता आकडे मोजणार आहे. मातीत आकडे मोजत नाहीत. लोक आधी चकित झाले आणि मग हसले. तीन वर्षांत अंग काय शिकलं होतं ते त्याला तिथं आडवं पडल्यावर कळलं.

अण्णा उठले आणि कुणाकडे न बघता घरी निघून गेले. भाऊ देवळात जाऊन निजला. घरात कुणी जेवलं नाही.

पुढचं मला भावानं सांगितलं. उजाडायच्या आत अण्णा देवळात आले आणि त्यांनी त्याला पायानं ढोसलं.

"ऊठ. पाठ टेकायची खोड लागलीय तुला. ती काढायला वरीस जाईल."

भाऊ उठून बसला. त्यानं विचारलं, "घरी येऊ?"

"मग काय रोज देवळातनं तालमीला येणार हाईस?"

खोड काढायला वर्ष पुरलं नाही. अण्णा थकेपर्यंत रोज पहाटे त्याची मान धरून दाबत राहिले आणि तो मागे जात राहिला. एवढा अंगानं धडधाकट माणूस, एवढी साधी गोष्ट त्याला जमत कशी नाही, असं सगळे म्हणत. मला मात्र कधी कधी वाटतं, ती खोड तो जाऊ देत नव्हता.