तीनशेवीस म्हणजे तीनशेवीस

कट्टा गावच्या कावेरी सामंत आधी हायस्कुलात बाई होत्या. सासऱ्यांचा काजूचा कारखाना नवऱ्याकडे आला तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. नवरा, सत्यवान, भट्टी सांभाळत. मालाची रवानगी आणि मुंबईशी बोलणं कावेरीबाईंकडे. स्वभाव मूळचाच ताठ. देवळात पुजाऱ्यानं रांग मोडून कुणा बड्याला पुढे घेतलं, तरी त्या मोठ्यानं बोलत.

शहाऐंशी सालची गोष्ट. आमचे काजू घेणाऱ्या मुंबईच्या तिन्ही व्यापारी पेढ्यांमध्ये नुकते कॉम्प्युटर आले होते. आमच्याकडून निरोप जायचा तो तारेनं. तार आखूड असावी आणि यंत्रात पटकन भरता यावी, म्हणून प्रत्येक पेढीनं आपापले आकडे ठरवून धाडले. एकीचा 'सात' म्हणजे अखंड काजूगर, तर दुसरीचा 'सात' म्हणजे तुकडा. तिघींना माल देणाऱ्या कारखान्यानं तीन भाषा पाठ करायच्या.

मसुरे गावात छोटा कारखाना चालवणारी शेवंती तिथंच फसली. पेढीला अखंड गर हवा होता, तिनं तुकड्याचे डबे भरले. ट्रक मुंबईहून तसाच परत आला. चूक तुमची, पुढे माल नको, असं पेढीनं कळवलं. शेवंतीनं भट्टी विझवली आणि कावेरीबाईंच्या पडवीत येऊन बसली.

"माझाच चुकला गो. एकाचो आकडो दुसऱ्याक लावलंय."

"तुझा काय चुकूक नाय," कावेरीबाई म्हणाल्या. "एका आकड्याचे तीन अर्थ करणारे ते, आणि निस्तरूचा आपण? ह्या आता चलाचा नाय."

त्यांनी आसपासच्या छोट्या कारखानदारांना देवळाच्या सभामंडपात बोलावलं. काजूच्या प्रतीला बाजारात आधीच एक नाव आहे, एका पौंडात जेवढे गर बसतात तो आकडा. तीनशेवीस म्हणजे तीनशेवीस, तुकडा म्हणजे तुकडा, मग घेणारा कोणीही असो. त्यांनी तारेचा एकच क्रम ठरवला: आधी कारखाना, मग प्रत, मग डबे, शेवटी रवानगीची तारीख. सगळ्यांनी तशीच तार करायची आणि तिन्ही पेढ्यांना तीच.

पंधरवड्यात सर्वांत मोठ्या पेढीचा माणूस कट्ट्याला आला. कारखान्यात खुर्ची दिली तरी बसला नाही.

"बाई, आमच्या कॉम्प्युटरला तुमची ही पद्धत चालत नाही."

"मग त्याला शिकवा," कावेरीबाई शाळेतल्या मराठीत म्हणाल्या. "आमच्याकडे नवी बाई येते, तिलाही आम्ही सोलायला शिकवतोच."

"तुमच्यासारखे आम्हाला पुष्कळ मिळतात."

"मिळत असतील. त्यांनाही आम्ही हेच सांगणार आहोत."

तो गेला आणि त्या पेढीची मागणी थांबली. पाठोपाठ दुसरीचीही. डबे छपराला टेकले. सोलणाऱ्या बायकांना एक दिवसाआड काम मिळू लागलं. त्यांच्यातली हौसाबाई म्हणाली, "बाय, तुमचो हट्ट आमच्या चुलीक लागता हा." कावेरीबाईंना ते लागलं. त्या रात्री जेवल्या नाहीत, पण सकाळी तार गेली ती त्याच क्रमानं.

त्यांचा धाकटा दीर गुरुदास, त्याचा वेगळा कारखाना होता. तो येऊन म्हणाला, "वयनी, माका जमाचा नाय. मी तेंच्या आकड्यात पाठवतंय."

"पाठवा, भावजी. पण उद्या सात म्हणजे काय, ता तेंका विचारान घेवा."

तो तडक निघून गेला.

दिवाळीआधी तिसऱ्या पेढीची मागणीची तार आली. पेढी लहान, पण तिला परदेशचं मोठं काम मिळालं होतं. कुठल्याच एका छोट्या कारखान्यात एवढा माल नव्हता. मात्र सगळ्यांच्या तारा एकाच क्रमात असल्यानं त्यांच्या कारकुनानं कुणाकडे किती तीनशेवीस आहेत याची सरळ बेरीज केली होती. तार आमच्याच क्रमात होती. ती वाचून कावेरीबाई भट्टीवर धावत गेल्या. सत्यवान धुरातून बाहेर आले, आणि दोघं कितीतरी वेळ नुसतीच हसत राहिली.

शेवंतीनं भट्टी पेटवली. तिचे डबे, कट्ट्याचे डबे, आणखी चौघांचे, असे एका ट्रकमधून गेले. एकही परत आला नाही.

पुढच्या मोसमात दुसरी पेढी आपणहून वळली. सर्वांत मोठीनं शेवटपर्यंत आपलेच आकडे चालवले आणि गुरुदास तिच्याकडेच राहिला. चतुर्थीला तो जेवायला येई. कावेरीबाई त्याला आग्रहानं वाढत, आणि पानावरच आकड्यांचा विषय काढत. त्या मोठ्या पेढीचा माणूस नंतर दोनदा येऊन गेला. दुसऱ्या खेपेला त्यानं विचारलं, थोडं तुम्ही सोडा, थोडं आम्ही सोडतो, कसं?

"तीनशेवीसमधलं थोडं म्हणजे नेमकं किती?" कावेरीबाईंनी विचारलं, आणि त्याच्यासाठी चहा टाकायला सांगितला.