ताईची पिशवी

माझी थोरली बहीण तेव्हा बावीस वर्षांची होती, पण समज पाच वर्षांच्या पोरीची. तिची पाळी आली की आमच्या घरात सुतक. कापडाची घडी जागेवर टिकायची नाही, ती तशीच अंगणात येऊन बसायची, आणि माय धानाच्या रोवणीला गेलेली असली की तिचं सगळं मला करावं लागे. मी कंटाळले होते, हे आधीच सांगते. नाहीतर सगळं खापर मायच्या माथी फोडून मी मोकळी व्हायची.

आत्या म्हणाली, "पिशवीच काढून टाका न. कटकटच नाई." कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. किडका दात काढावा तशी गर्भपिशवी काढायची! ताईला विचारावं, हे तर कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच. ताईला तिथल्या झुल्याचा भारी नाद. माय तिला म्हणाली, "चाल, मंडईले जाऊ." ताईने नवा ड्रेस घातला, तोंडाला पावडर थापली आणि भंडाऱ्याच्या बसमध्ये दिसेल त्याला झुल्याचं सांगत सुटली. दवाखान्यात बाबांनी कागदावर सही केली. शुद्धीवर आल्यावर ती पोटावरची पट्टी ओढायला लागली, तेव्हा ओढणीने तिचे हात खाटेला मीच बांधले. "मले कायले कापलं?" ती दिवसभर विचारत होती. मी म्हटलं, "गप पड."

माय मात्र निर्धास्त झाली. पाळी हे निमित्त होतं, तिचा घोर वेगळाच होता. उद्या पोरीचं पोट वाढलं तर गावाला तोंड कसं दाखवायचं? आता तो प्रश्न मिटला. मायने ते कौतुकाने चार घरी सांगितलं आणि चार घरांतून सगळ्या गावाला कळलं.

पुढच्या वर्षी धान कापणीच्या दिवसांत ताई शेतातून रडत आली. कपडे फाटलेले. शेजारच्या शेताच्या मालकाला आम्ही काका म्हणतो. ती त्याच्या घराकडे बोट दाखवत होती. मी म्हटलं, "पोलिसात जाऊ." मायने आधी दार लावलं. "कायले? काही दिसणार हाय का आता? बरं झालं, पिशवी काढली थे."

काकालाही ते ठाऊक होतं. आम्हीच तर सांगितलं होतं. मला स्वतःची किळस येते.

परवा तो मळणीचं विचारायला घरी आला. त्याचा आवाज ऐकताच ताई धानाच्या पोत्यांमागे जाऊन बसली. मायने मला चहा ठेवायला सांगितला. मी ठेवला. एक घोट घेऊन तो म्हणाला, साखर कमी आहे, आणि मी उठून साखर आणून दिली.