फर्डिनंडच्या गाडीतला करंटचोर

गास गावच्या फर्डिनंडला देवाने दोन डोळे दिले आणि त्याने ते दोन्ही संशयाला जुंपले. माणूस नारळ उतरवायला माडावर चढला, की हा खाली उभा राहून मोजणार. कोळणीने पापलेट दिलं तर कल्ले उघडून बघणार, तेही एक वेळ ठीक. पण चर्चमध्ये मेणबत्ती लावल्यावर, आपली पाठ वळताच ती विझवून कोणी पुन्हा विकायला तर ठेवत नाही ना, म्हणून दाराआड उभा राहणारा माणूस अख्ख्या वसईत हा एकच! मटिल्डाने त्याच्याशी संसार कसा केला, ते तिचं तिला ठाऊक.

विजेच्या कामात मात्र त्याला तोड नव्हती. उभी हयात मालवाहू जहाजांवर इलेक्ट्रिशियन म्हणून गेली. एकदा भर समुद्रात त्याच्या जहाजाला आग लागली आणि कित्येक दिवस काही खबरच आली नाही. तेव्हा मटिल्डा तमिळनाडूतल्या वेलांकण्णी मातेला नवस बोलली, "माझा माणूस परत दे, मी तुझ्या दारी येईन." माणूस परत आला, नवस मात्र राहूनच गेला. मुलं मोठी झाली, लग्नं झाली, मटिल्डाचे गुडघे धरले.

निवृत्त झाल्यावर तो नवस फेडायला फर्डिनंडने एक जुनी मिनीबस घेतली. सीटा काढून आत पलंग बसवला, शेगडी बसवली. टपावर सोलरचं पॅनल, पलंगाखाली बॅटऱ्या आणि बॅटरीचा करंट घरच्या करंटसारखा करणारा इन्व्हर्टर. मागे दोन इलेक्ट्रिक सायकली बांधल्या. त्या तेव्हा बाजारात नव्यानेच आल्या होत्या. मुक्कामी उतरलं, की मटिल्डाला पायपीट नको, सायकलवर बसून चर्चला जायचं. आणि चार्जिंग? तेही गाडीतूनच. कोणाच्या दारात वायर टाकायची नाही. "दुसऱ्याच्या मीटरवर माझा भरवसा नाही," तो म्हणायचा.

निघण्याआधी चाचणी म्हणून अर्नाळ्याला नथूच्या अंगणाशेजारी, सुरूच्या झाडांत त्यांनी गाडी लावली. नथू मटिल्डाच्या माहेरी वर्षानुवर्षं मासळी घालायचा, तिला बहीण मानायचा. त्याने जागा दिली, पाणी दिलं, बायकोच्या हातचा बोंबलाचा कालवण-भात दिला. दोन्ही सायकली चार्ज करून बॅटऱ्या इथे टिकल्या तर वेलांकण्णी, नाही तर परत गास. मटिल्डा मनातल्या मनात बॅगही भरून बसली होती.

आणि रोज सकाळी बघावं, तर बॅटरीचा काटा खाली!

झालं. फर्डिनंडच्या डोक्यात किडा वळवळू लागला. त्या दिवसांत गावात तासन्‌तास लाइट जायची. सगळ्यांच्या घरात अंधार आणि याच्या गाडीत उजेड. कोणाचा हात शिवशिवणार नाही? त्याने बाहेरच्या सॉकेटला घंटी जोडली. कोणी प्लग घातला, की ती वाजणार. घंटी जागी राहावी म्हणून इन्व्हर्टर दिवसरात्र चालू. मटिल्डाच्या सायकलचं चार्जिंगही बंद केलं. आधी चोर, मग सायकल.

एका संध्याकाळी दोघं किनाऱ्यावर बसले होते, तोच घंटी वाजली. फर्डिनंड वाळू तुडवत धावला. सॉकेटपाशी नथू! हातात वायर!

"अरे चोरा!" त्याने नथूची गचांडीच धरली. बोंबील गोळा करणाऱ्या बायका हातातलं काम टाकून बघत राहिल्या.

"मिस्त्री, हे बायच्या सायकलचा पिलक लोंबत होता," नथू म्हणाला. "निघाला आसंल वाटला, म्हनून लावला. मना करंट घेऊन काय करायचाय? दर्यात माजी होरी काय करंटवर चालते?"

"रोजचा करंट कोण नेतो मग? पाण्याच्या बादल्या काय उगाच आणून देत होतास?"

नथूने गळ्यावरचा हात काढला. मटिल्डा गुडघा धरत धरत येऊन पोचली होती. तिच्याकडे एकदा बघून तो घरात गेला आणि दार लावून घेतलं. पाणी त्या दिवसापासून मटिल्डाने स्वतः भरलं.

आता गाडीच्या वाऱ्यालाही कोणी उभं राहीना. तरी सकाळी काटा खालीच!

फर्डिनंड चक्रावला. त्याने सगळे प्लग काढले, पलंग उचलला, इन्व्हर्टरवर हात ठेवला. कोमट! काही लावलेलं नाही, तरी हा तापलेला. नुसता चालू राहूनही इन्व्हर्टर करंट पीत होता. जहाजावर जनरेटर कधी थांबत नाही, तिथे असल्या घोटभर करंटकडे कोण बघतो? आधी फर्डिनंड तो विसरून चालू ठेवायचा, मग चोर पकडायला म्हणून चालू ठेवला. कुंपणच शेत खात होतं.

"मटिल्डा, सापडला गं चोर!" तो आनंदाने ओरडला. सगळं समजावून सांगितलं. "आता बटण बंद ठेवलं, की झालं. उद्याच निघू!"

"नथूला सांगितलंत?"

"त्याला काय सांगायचं? सांगू आल्यावर." मग जरा थांबून म्हणाला, "आणि प्लगला हात तर त्याने लावलाच होता ना?"

मटिल्डा गाडीतून उतरली, नथूच्या दारावर थाप मारली आणि बराच वेळ आत बसून आली. आल्यावर तिने बॅग उचलली.

"पॅरिशची बस परवा वेलांकण्णीला सुटते. नथूची बायको येतेय सोबतीला, गुडघ्यांना हात द्यायला."

"आणि मी? ही गाडी मी कोणासाठी केली?"

"नवस मी तुमच्यासाठी बोलले होते," मटिल्डा म्हणाली. "तुमच्यासोबत फेडीन, असं नव्हते बोलले."

ती गेली. फर्डिनंडने गाडी गासला आणून आंब्याखाली लावली. बटण बंद ठेवलं, की काटा जागचा हलेना. दिवसा त्याने दोन्ही सायकली चार्जिंगला लावल्या, आधी तिची, मग स्वतःची. दोन्हीचे हिरवे दिवे लागले. तो पायरीवर बसून बघत राहिला. करंट भरपूर होता.