नकाशात नसलेली विहीर
ओल्या दगडाचा वास आला की मला घोडपदेवच्या आमच्या चाळीतली ती सभा आठवते. चाळ पाडून इमारत व्हायची होती आणि बिल्डरचा करारनामा वाचून दाखवायला मला बसवलं होतं, कारण घरातलीच नव्हे, अख्ख्या मजल्यावरची पहिली ग्रॅज्युएट मीच. मागच्या अंगणात विहिरीच्या काठाशी चहा फिरत होता, सह्यांसाठी माणसं रांगेत होती. मी नकाशा उलगडला, तर आमच्या विहिरीच्या जागी गाड्यांचं पार्किंग! मी सरळ म्हटलं, "विहीर आणि भोवतालची मोकळी जागा कायमची राखू, कोणी कधी बुजवणार नाही, असं लिहून मिळेपर्यंत सह्या करू नका." शेजारचे काका उखडले, "चार बुकं शिकलीस म्हणून आमची घरं अडकवतेस काय? नळाला पाणी येतं की!" तेवढ्यात मागून आई म्हणाली, "भावजी, नळ नव्हता तेव्हा तुमची आंघोळ कुठल्या पाण्याने व्हायची?" सगळे हसले. काका हसले नाहीत, पण त्यांनी पेन खिशात परत ठेवलं. त्यांच्यामागोमाग सगळ्यांनीच ठेवलं. महिनाभर ताणाताणी झाली, शेवटी ते कलम करारात आलं आणि मला रात्रीची झोप लागली. चाळीच्या जागी इमारत उभी राहिली. परवा आमच्या रस्त्यावरची पाइपलाइन फुटली. आजूबाजूच्या इमारती टँकरची वाट बघत होत्या आणि आमच्या विहिरीवर काका काठी टेकून उभे होते, शेजारच्यांना दटावत होते, "रांगेत या रे, पाणी भरपूर आहे. आम्ही राखलंय ते!" मी गुपचूप माझी बादली पुढे केली.