न घ्यायची नावं

धरणगावजवळच्या आमच्या गावातून मी लग्न होऊन धुळ्याला निघाले, तेव्हा आई रडली नाही. एस.टी.च्या खिडकीशी येऊन तिनं बजावलं, "त्यासनं नाव तोंडमा लेवानं नही. लिधं का उमर कमी व्हस." नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, एवढंच. गाडी सुटली.

गावी राहिलेल्या बहिणींना यात नवं काही नाही. पण माझ्यासारख्या ज्या शहरात आल्या, त्यांच्या मुलींना हे खरं वाटणार नाही. आपल्या आया एक निराळीच भाषा बोलत. माझ्या वडिलांचं नाव दगडू. म्हणून आईच्या तोंडी दगड कधी आला नाही. शेतात ठेच लागली तर "ते लागनं" म्हणायची. शेजारच्या काकूंचे सासरे सुपडू, म्हणून त्यांच्या घरात सूप नव्हतं, 'पाखडायचं' होतं. आणि बुधाची बायको! आमचा बाजार बुधवारचा. ती विचारायची, "मंगळवारना दुसरा दिन बाजारले येशी का वं?" एकदा विहिरीवर तिच्या थोरल्या जावेनं मुद्दाम डिवचलं, "काय वं, गुरुवारना आधी कोनता वार येस?" ती म्हणाली, "तुन्हा तोंडले कुलूप लागस, तो वार!" अख्खी विहीर हसली.

मीही हसले होते. धुळ्यात माझ्यावर हसले.

माझे यजमान प्रकाश गिरणीत कारकून होते. मी मॅट्रिक. मला मास्तरीण व्हायचं होतं, दुसरं काही नको होतं. एका शाळेतून मुलाखतीचं बोलावणं आलं. टेबलापलीकडे तीन पुरुष, पुढ्यात माझा अर्ज.

"पूर्ण नाव सांगा."

मी माझं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. मधली जागा रिकामी ठेवली.

"मधलं?"

"अर्जात लिहिलंय."

"आम्हाला वाचता येतं, बाई. तुम्हाला बोलता येतं का ते बघतोय. स्वतःचं नाव सांगता येत नाही आणि शिकवणार काय?"

दुसरे म्हणाले, "अहो, उखाण्यात तरी घ्या!" उखाण्यात चालतं, तिथं दोष नाही. मी खाली मान घालून म्हटलं, "पांझरेच्या काठी निळं आकाश, मॅट्रिक झालेली मी, धनी माझे प्रकाश." तिघांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, जमलं. मग तिसऱ्यानं विचारलं, "आणि वर्गात प्रकाश नावाचा पोरगा निघाला तर? रोज हजेरीला उखाणा घेणार, की त्याला कायमचा गैरहजर लावणार?" दारातला शिपाईसुद्धा हसला. जागा दुसरीला मिळाली.

यजमान हसले नाहीत. म्हणाले, "नाव घेतल्यानं माणसं मरत असती तर हजेरीनं शाळा ओस पडल्या असत्या. बोल." ताटावर बसायचे आणि मी नाव घेतल्याशिवाय घास उचलायचे नाहीत. पहिल्यांदा मी ते स्टोव्हच्या आवाजात दडवून म्हटलं. पुढं पुढं सहज म्हणू लागले. दुसऱ्या वर्षी दुसऱ्या शाळेत पूर्ण नाव एका दमात सांगितलं आणि नोकरी लागली.

त्या दिवाळीला माहेरी गेले. आईनं विचारलं, जावई का नाही आले? मी म्हटलं, "प्रकाशला सुट्टी नाही." आई कणीक मळत होती. तशाच भरल्या हातांनी उठली आणि भावजयीला म्हणाली, "हाई पोर मन्ही नही." मी तिची उरले नाही, एवढंच.

पुढच्या पावसाळ्यात गल्लीत काविळीची साथ आली. यजमान त्यात गेले. दहाव्याला आई धुळ्याला आली. भरल्या घरात माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "लिधं ना नाव? आते ले. पोट भरीसन ले." आता पोटभर घे म्हणे.

सासूसुद्धा इतकं बोलली नव्हती. मी तिला सांगितलं, गल्लीत आणखीही माणसं गेली, त्यांच्या बायकांनी जन्मात नाव घेतलं नव्हतं. आई म्हणाली, "तेसनं तेसनं नशीब. हाई तुन्हं काम शे." तेव्हापासून मी रडले नाही. तेराव्यानंतर शाळेत हजर झाले. गावच्या बहिणींनो, शहरात येऊन बायका बिघडतात असं तुम्ही म्हणता, तेव्हा एवढं ध्यानात ठेवा: ती नोकरी नसती तर मला याच आईच्या दारी जाऊन पडावं लागलं असतं.

यंदा उन्हाळ्यात भावाची नवी सून बघायला गेले. आई ओसरीवर बसली होती. म्हणाली, "आठेच बैठ. घरमा नवी नवरी शे." नवरीवर माझी, विधवेची सावली नको म्हणून. दाराआडून एक बांगड्यांचा हात आला आणि पाण्याचा पेला उंबऱ्यावर ठेवून गेला. आईला आताशा ऐकू कमी येतं. त्या पोरीनं हळूच विचारलं, "आत्याबाई, मॅट्रिकवर शाळेत नोकरी लागते का हो?"

"लागते," मी म्हटलं. "पूर्ण नाव सांगावं लागतं. मधलंसुद्धा."

दाराआड बांगड्या वाजल्या, पावलं माजघराकडे गेली. मी पाणी पिऊन पेला उपडा घातला आणि उठले. घरी जायला धुळ्याची शेवटची गाडी गाठायची होती.