चौथ्या क्रॉसवरचा पत्ता

मिरज स्टेशनवर मला पोचवायला कोणी आलं नव्हतं. यावं असं कोणी नव्हतंही. आई जाऊन चार वर्षं झाली होती, भाऊ नोकरीपायी नागपूरला, आणि दवाखान्यातल्या बायांना माझ्या जाण्याने तीन महिने मोकळा श्वास मिळणार होता. कडक नर्स म्हणून माझी ख्याती होती आणि ती मी मेहनतीने मिळवली होती. ट्रंक, वळकटी आणि दशम्यांचा डबा घेऊन मी बायकांच्या डब्यात खिडकी धरली. गाडी सुटली तेव्हा रिकाम्या फलाटाकडे बघून मी उगीचच हात हलवला. समोरच्या बाईला वाटायला नको, की हिला कोणीच नाही.

ही साठ-एकसष्टच्या हिवाळ्यातली गोष्ट. क्षयाच्या रोग्याला सॅनेटोरियमच्या खाटेवर निजवून ठेवण्याऐवजी घरच्या घरी वर्षभर गोळ्या देऊन बरं करायचं, ही पद्धत तेव्हा नवी होती. ती शिकायला मला बंगलोरच्या एका धर्मादाय दवाखान्यात पाठवलं होतं.

लोंढ्यापर्यंत अंधार आणि जंगल, हुबळीला सकाळ, हरिहरला तुंगभद्रेचं रुंद पात्र. पुढे पुढे माती लाल होत गेली, टेकड्यांवर कोणीतरी रचून ठेवल्यासारखे गुळगुळीत धोंडे दिसू लागले, मग नारळ आणि सुपारीच्या बागा. डब्यात चढणाऱ्या प्रत्येक बाईची भाषा मला आदल्या बाईपेक्षा थोडी कमी कळत होती. तुमकूरनंतर मी बोलायचंच सोडून दिलं आणि उरलेली दशमी गुळाबरोबर संपवली.

बंगलोरला उतरले तर डिसेंबरची थंडी अंगाला झोंबली. स्टेशनाबाहेर जटका (तिकडचा छोटा टांगा) केला आणि कागदावरचा पत्ता दाखवला: चामराजपेट, चौथा क्रॉस. जटकेवाल्याने मला चौथ्या मेन रोडवर उतरवलं आणि तो निघून गेला. तिथे उभे रस्ते 'मेन', आडवे रस्ते 'क्रॉस', आणि दोन्हींना तेच ते आकडे, हे मला कोण सांगणार? डोक्यावर वळकटी आणि हातात ट्रंक घेऊन मी तासभर आडवीउभी फिरले. शेवटी एका घराच्या ओट्यावरून आवाज आला, "मिरजेच्या नर्सबाई की? येवा, येवा. पाय धुवा, पाणी तापलंय."

त्या गिरिजाक्का, माझ्या घरमालकीण. पन्नाशीच्या, ठेंगण्या, कपाळावर आडवं कुंकू. यजमान कचेरीत कारकून, घरात लग्नाची एकुलती मुलगी शांता. कुठल्याशा राजाच्या फौजेबरोबर त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडे आले, हे त्यांनी मला असं सांगितलं, जणू गेल्या मंगळवारीच सामान उतरवलं होतं. इतक्या लांब मराठी कानावर पडली म्हणून मला भरून आलं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "आमच्यात स्वयंपाक सोवळ्यात की. तुम्ही दवाखान्यातनं येणार. तुमचं ताट खोलीतच देते. चालेल की?"

मी चालेल म्हटलं. दुसरं काय म्हणणार? रोज दोन वेळा दाराशी ताट यायचं. भात, हुळी (आंबटसर घट्ट वरण), थंडीच्या दिवसांत अवरेकाळू (पावट्यासारखे दाणे) घातलेली उसळ. जेवण फार चवदार असायचं. भिंतीकडे तोंड करून मी ते जेवत असे, आणि पलीकडून तिघांच्या हसण्याबोलण्याचा आवाज येत असे.

दवाखाना एका जुन्या बंगल्यात होता. सकाळी सातपासून व्हरांड्यात माणूस मावत नसे. मागावर रेशीम विणणारे तेलुगू लोक, गिरणीतले तमिळ कामगार, उदबत्त्या वळणाऱ्या उर्दू बोलणाऱ्या बायका, बाजारातले कन्नड हमाल, आणि आमचे मराठी शिंपी. रोगी बोलायचा एक भाषा, शेजारचा ती दुसरीत करायचा, आया तिसरीत. वाक्य तीन तोंडांतून फिरून माझ्यापर्यंत पोचायचं तेव्हा त्यातला खोकला तेवढा मूळचा उरलेला असायचा.

माझं काम घरोघर जायचं. रोग्याला महिन्याच्या गोळ्या दिलेल्या असत. आधी न कळवता जायचं, डबी मागायची, गोळ्या मोजायच्या. जितके दिवस झाले तितक्या कमी व्हायला हव्यात. मोजणी हे माझ्या स्वभावाला शोभणारं काम होतं.

रविवार मात्र जाता जात नसे. एका रविवारी चिकपेटेत साड्यांच्या दुकानांतून काही न घेता दोन तास फिरले आणि पाय दुखले म्हणून एका हॉटेलात बायकांच्या खोलीत बसले. वाढणाऱ्याने विचारलं, "काफी? बाय टू?" मला कळेना. मग शेजारच्या टेबलावर पाहिलं. दोघी बायका एकच कॉफी मागवून दोन पेल्यांत अर्धी-अर्धी ओतून घेत होत्या. त्या गावाची ती रीतच. पुरी कॉफी सहसा कोणी मागवत नाही, मागवतो तो एकटा माणूस. मी बोटाने एक दाखवलं. ती कॉफी मला संपता संपेना.

माझी सगळ्यांत आवडती रोगी तुळसाक्का. शिंप्याची बायको, चौथ्या क्रॉसच्या मागच्या बोळात दीड खोलीचं घर, तीन मुलं. मी गेले की ती मशीन थांबवायची, पदर खोचायची आणि डबी पुढे करायची. मोजणी दर वेळी अचूक. एकही गोळी इकडची तिकडे नाही. इतर रोग्यांना मी तिचं उदाहरण देत असे. पण जानेवारीत तिचा बेडका तपासला तर त्यात पुन्हा जंतू. मोठे डॉक्टर म्हणाले, "गोळ्या फेकून देत असणार." मी ठामपणे नाही म्हटलं. माझी मोजणी चुकते असं कोणी सुचवलेलं मला खपत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीची वेळ सोडून मी तिच्या बोळात शिरले. तुळसाक्का उंबऱ्यात बसली होती. हातात अडकित्ता. पात्याखाली पांढरी गोळी धरून तिने ती कट्कन दोन केली. एक तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला, दुसरा समोर पायरीवर बसलेल्या बाईच्या तळहातावर ठेवला. ती बाई काळीसावळी, हाडाची, केसांत चुन्याचे कण, मांडीवर अंगावर पिणारं मूल. तिने तुकडा गिळला आणि खोकली. तो खोकला मला नव्याने तपासायची गरज नव्हती.

"तुळसाक्का, हे काय चालवलंय?"

ती जराही दचकली नाही. "बाय टू केली की, सिस्टर. ही चिन्नम्मा. कोपऱ्यावर नवी इमारत होतीय, तिथं गारा वाहते. नवरा पळून गेला. दवाखान्यात हिला कार्ड देईनात. शेडमध्ये राहणाऱ्याला पत्ता नाही म्हणतात. मग दोघींना स्वल्प स्वल्प (थोडं थोडं) बरं होऊ दे म्हटलं."

मी ओरडले. बोळातल्या बायका बाहेर आल्या इतकी ओरडले. अर्ध्या गोळीने जंतू मरत नाही, उलट निर्ढावतो. पुढे पुरी गोळीही त्याला काही करत नाही. तुम्ही दोघी एकमेकींना मारताय, म्हटलं. तुळसाक्काचा चेहरा उतरला. तिने ते चिन्नम्माला खुणांनी आणि चार कन्नड शब्दांनी सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सरी (बरं). मग पुरी हिलाच द्या. हिचं लेकरू अंगावर पितंय. माझी मोठी झालीत की."

मी तशीच दवाखान्याची वाट धरली. खरं सांगायचं तर रागापेक्षा मला हेवा वाटत होता. एकीची भाषा दुसरीला येत नाही, आणि जीव वाटून घ्यायला निघाल्या होत्या. माझ्याशी कोणी कॉफीसुद्धा वाटून घेतली नव्हती.

नियम खुळा नव्हता. इमारत झाली की शेड उठते, माणसं दुसरीकडे जातात, उपचार अर्धवट राहतो, आणि अर्धवट उपचार झालेला रोगी दुप्पट धोक्याचा. म्हणून पक्का पत्ता हवा, आणि अचानक गेल्यावर तिथे रोग्याबद्दल सांगणारं कोणी हवं. नसेल तर कार्ड रद्द. सगळं मला पटत होतं. तरीही दुसऱ्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर मीच बसले होते, तेव्हा चिन्नम्माचं कार्ड लिहिलं आणि पत्त्याच्या जागी माझ्या खोलीचा पत्ता घातला. पंधरा वर्षांच्या नोकरीत मी लिहिलेली ती पहिली खोटी ओळ.

चिन्नम्मा रोज सकाळी कामावर जायच्या आधी माझ्या दाराशी येऊ लागली. गोळ्यांची डबी मीच ठेवून घेतली होती. ती माझ्यासमोर गोळी गिळायची, जीभ बाहेर काढून दाखवायची, मूल काखेला मारायची आणि म्हणायची, "वरेन" (येते). तिच्या तमिळ भाषेतला तेवढाच एक शब्द मला कळत होता. पण मी सहा वाजल्यापासून दाराकडे कान लावून बसत असे. ती गेली की गिरिजाक्का पायरीवर पाणी शिंपडायच्या. कोण, म्हणून एकदा विचारलं, तेव्हा मी "दवाखान्यातली" एवढंच सांगितलं.

मार्च उजाडला. तुळसाक्काचा बेडका स्वच्छ निघाला. चिन्नम्माच्याही बेडक्यात जंतू दिसेनासे झाले, पण तिच्या गोळ्या अजून दहा महिने चालायच्या होत्या आणि माझी मुदत संपली होती. मी गेल्यावर त्या पत्त्यावर कोण उत्तर देणार? तुळसाक्काचा पत्ता चालला नसता. तिथे आधीच एक कार्ड होतं आणि चिन्नम्मा शेडमध्ये राहते हे सगळ्या बोळाला ठाऊक होतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन उभी राहिले आणि गिरिजाक्कांना सगळं सांगितलं. त्यांच्या हातातली पळी तशीच राहिली.

"क्षय? आमच्या घराच्या नावावर? मला विचारलात काय आधी?"

"नाही विचारलं. चुकलं माझं. पण आता तिच्यापासून कोणाला लागण व्हायची नाही. फक्त दवाखान्याचा माणूस आला की इथेच राहते म्हणायचं, आणि रोज सकाळी एक गोळी..."

"शांतेला बघायला मंडळी यायचीत. अय्यो, कोणी ऐकलं तर? नको, नर्सबाई. ती डबी घेऊन जावा."

त्यांचं काही चुकत नव्हतं. मी कित्येक वर्षांत कोणाची माफी मागितली नव्हती, ती त्यांची मागितली. पण सकाळी निघताना डबी आणि कार्ड खिडकीत ठेवलं आणि त्यांना न सांगता जटक्यात बसले. चिन्नम्माला मी खुणेने खिडकी दाखवली होती. ती "वरेन" म्हणाली, मीही तेच म्हटलं.

परतीच्या प्रवासाचं मला काही आठवत नाही. धोंडे, बागा, नदी सगळं उलट्या क्रमाने गेलं असणार. माझ्या डोळ्यांपुढे ती खिडकी होती. गिरिजाक्कांनी डबी उकिरड्यावर टाकली असेल, चिन्नम्मा दाराशी उभी राहून परत गेली असेल, पुन्हा खोकायला लागली असेल. दवाखान्यात रुजू झाले, नवी पद्धत सगळ्यांना शिकवली, शाबासकी मिळाली. रात्री खोलीवर आले की मात्र मी स्वतःला विचारत असे, त्या बाईला अर्ध्या वाटेवर सोडून येणारी तू कसली नर्स? विचारायला दुसरं कोणी नव्हतंच.

मे महिन्यात पत्र आलं. अक्षर शांतेचं होतं, बोलणं गिरिजाक्कांचं:

"दवाखान्याचा माणूस येऊन गेला. चिन्नम्मा कुठं म्हणाला. कामाला गेलीय, इथंच राहते, बसा म्हटलं. डबी दाखवली. गोळ्या बरोबर भरल्या. कोपऱ्यावरची इमारत झाली, शेड मोडली, तिची माणसं दुसऱ्या गावी गेली. ती गेली नाही. गोळ्या संपायच्यात म्हणून ओट्यावर बसून राहिली. लेकरू उन्हात. म्हणून दोघांना तुमच्या खोलीत ठेवलंय. आता खोटं नाही, इथंच राहते. ताट तिचं मागच्या पडवीत, शांताही तिथंच जेवायला बसते, ऐकत नाही. तुम्ही डबी ठेवून गेलात ते बरं नव्हे केलात. पुन्हा एकदा विचारायचं होतं. मी नाही म्हटलं असतं, मग दोन दिवसांनी होय म्हटलं असतं."

मी वॉर्डच्या कोपऱ्यात उभी राहून ते चारदा वाचलं आणि रडले. बायांनी पाहिलं, पाहू दे म्हटलं. केवढा आनंद झाला होता मला! मग पत्र उलटं केलं. वर लिहिलं होतं: नर्सबाई, सरकारी दवाखाना, आणि गावाचं नाव. बस्स. तीन महिने मी त्या घरात राहिले, तिथलं अन्न खाल्लं. त्यांनी माझं नाव कधी विचारलं नाही, हे खरं. पण मी तरी कुठे सांगितलं होतं? ताट दाराशी आलं की मीच आतून कडी लावत होते. चिन्नम्मा उन्हात ओट्यावर बसून राहिली, मी तसं कधी कोणाच्या ओट्यावर बसले नव्हते.

त्याच संध्याकाळी उत्तर लिहायला घेतलं. गोळ्या कशा द्यायच्या, तीन महिन्यांनी बेडका तपासून घ्या, मुलाचं वजन करा, सगळं मुद्देसूद लिहिलं. शेवटी सवयीने 'नर्सबाई' लिहिलं होतं, ते खोडलं. खाली लिहिलं: माझं नाव सुमन आहे. दिवाळीत चार दिवसांची रजा मिळते. येऊ का?