बाना चिसेंगाचा सोमवार

आमच्या वस्तीत बातमी अशी होती, की बाना चिसेंगा दर आठवड्याला मोठ्या हॉस्पिटलात रक्त विकते आणि डॉक्टर ते विमानाने परदेशी धाडतात. कोळसेवाली तर बाटलीचा आकारसुद्धा हाताने दाखवायची.

खरं एवढंच होतं, की तिला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झाला होता आणि रक्ताची एक बारीकशी नळी तपासणीला जायची. हॉस्पिटलात एक अभ्यास चालला होता. किरणांचं मशीन एकच, बायांची रांग ही एवढी. पाच आठवड्यांचा शेक जरा जोर वाढवून तीन आठवड्यांत दिला, तर गुण तितकाच येतो का, हे पाहायचं होतं. कोणाला कुठला, ते संगणक ठरवणार. बानाने होकाराचा कागद मला, तिच्या शेजारणीला, दोनदा मोठ्याने वाचायला लावला, मग सही केली. तिच्या वाट्याला पाच आठवडे आले.

"म्हणजे जुनंच?" ती उखडली. "सही तर नव्यासाठी केली मी!"

सिस्टर चोला प्रत्येक शब्दाला इस्त्री करून बोलते. "बाना, दोन्ही गट लागतात. नाहीतर तुलना कशाशी करायची? गट बदलता येत नाही. आणि शेक चुकवायचा नाही. खंड पडला, की रोगाला बळ येतं."

चौथ्या आठवड्यात, गुरुवारी तिच्या माहेरून, कासामाहून फोन आला. धाकटा भाऊ गेला. माती शनिवारी. शनिवार-रविवार मशीन बंदच असतं.

"शुक्रवारचा शेक घेऊन निघते, सोमवारी हजर," बाना डोळे पुसत म्हणाली.

"मामालोक सोडतील तुम्हाला?" आमच्याकडे घरात शब्द मामांचा, आणि थोरली बहीण माती झाली म्हणून लगेच उठत नाही. आठवडाभर चटईवर बसते, तिथेच झोपते. उठली तर पिढ्यान् पिढ्या लोक नावं ठेवतात.

"लाव पैज."

"माझी लाल कोंबडी!"

"अंडी देणारी? बरं. आणि मी हरले तर?"

मी तिची पिशवी भरायला घेतली.

सोमवारी सातलाच मी हॉस्पिटलात जाऊन बसले. साडेसातला तिचं नाव पुकारलं. उत्तर नाही. दुसऱ्यांदा पुकारायला सिस्टर चोलाने तोंड उघडलं, आणि दारातून बाना आली. डोक्याला काळा रुमाल, खांद्यावर पिशवी, पाय धुळीने राखाडी.

"सोडलं त्यांनी?" मी विचारलं.

"सोडतात कसले! मोठे मामा खाकरले, 'थोरली उठली, तर लोक काय म्हणतील? शेक काय, पुढच्या महिन्यात घे.' मग मी उभी राहिले. म्हटलं, मामा, रोग नेमका कुठे आहे ते सांगते."

बाना नाचिंबुसा आहे. लग्न ठरलेल्या मुलींना बंद दाराआड, ढोलाच्या तालावर, शरीराचं सगळं शिकवणारी. तिथलं बोलणं पुरुषांच्या कानावर कधी जात नाही.

"पुरुषांसमोर सांगितलंत?"

"जसं मुलींना सांगते तसंच, फक्त ढोल नव्हता. तिसऱ्या वाक्याला मामा छपराकडे बघायला लागले. पाचव्याला ओरडले, 'बस, बस! गाडी कोणाकडे आहे? हिला आधी स्टँडवर सोडा!' दुसऱ्या मामांनी पिशवी स्वतः उचलली. अगं, मी निम्म्यावरही आले नव्हते!"

हसता हसताच ती बाकावर बसली आणि भावाच्या नावाने तिने हंबरडा फोडला. रांगेतल्या बायका, ओळख ना पाळख, तिच्या बाजूला खाली बसल्या आणि तिच्याबरोबर रडल्या. सिस्टर चोला यादी छातीशी धरून उभी राहिली. मशीन पाच मिनिटं थांबलं. मग बाना उठली, रुमाल नीट केला आणि आत गेली.

पाचही आठवडे पुरे झाले. गुण किती आला, ते तीन महिन्यांनी तपासून सांगणार आहेत.

कोंबडी मी त्याच सोमवारी नेऊन दिली. पण शेकाबरोबरच्या औषधाने बानाच्या तोंडाची चव गेलेली, म्हणून कोंबडी तिच्या दारात नुसतीच फिरत होती. काल बानाने तिला खालून हात घालून उचललं, तोललं आणि मला म्हणाली, "रश्शाला शेंगदाणे कुटून ठेव. रविवारी जेवायला ये."